जिवंत माणसाला हाक

उझलेकने, १२ ऑक्टोबर

ताई,

पत्र लिहायचं लिहायचं म्हणत उन्हाळा गेला आणि आता शेतातले बटाटेसुद्धा काढून झाले. आळस म्हण, दुसरं काय. कागद पुढ्यात घेतला की काहीतरी निघायचं. एकदा त्याच कागदात मासळी गुंडाळली, एकदा शेळीनं येऊन अर्धा खाल्ला. फोन नदीत पडला ते तुला माहीतच आहे. नवा घेऊनही उपयोग नाही, या खोलगटात तो लागत नाही. म्हणून आता हे.

मी झेमैतियात आहे, देशाच्या पार पश्चिमेला. एका टेकाडाच्या पायथ्याशी घर आहे, तिथे पेत्रोनेले मावशीकडे राहतो. मावशी म्हणजे आपली कुणी नव्हे, इथे सगळे तिला तसंच म्हणतात. जूनमध्ये सूर्य माघारी फिरतो त्या दिवशी या टेकाडावर ख्रिस्ती धर्माआधीच्या आपल्या जुन्या देवांना मानणारे लोक जमतात, पवित्र दगडांवर बिअर ओततात. मी आलो होतो फुकटच्या बिअरला. हंसांचे पिंजरे भरलेल्या ट्रकमधून आलो, ड्रायव्हर सगळा रस्ता त्याच्या बायकोबद्दल बोलत होता आणि मागून हंस त्याला दुजोरा देत होते. पण ते राहू दे. जमलेले लोक दुसऱ्या दिवशी गेले, मी राहिलो. मावशीला लाकडं फोडायला माणूस हवा होता.

तुला हसू येईल, पण इथे मला पहिल्यांदा वाटलं की आपल्यालाही भक्ती वगैरे जमेल. त्या दिवशी बायका एकमेकींच्या सुरात सूर अडकवून गात होत्या, सगळ्यांच्या डोक्यावर ओकच्या पानांची कडी, मधोमध विस्तव, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, काटा थंडीनंही येतो.

अशीच आहे ती. घरातल्या चुलीचा विस्तव तिचा नवरा गेल्यापासून विझलेला नाही. विस्तव म्हणजे गाबिया देवी, ती घरातली थोरली बाई. संध्याकाळी निखारे ओढून त्यांवर राख घालायची, अंथरूण घालावं तसं, आणि शेजारी स्वच्छ पाण्याचा वाडगा ठेवायचा, तिला हातपाय धुवायला. सकाळी मीठ टाकून उठवायचं. पहिल्या आठवड्यात मी सिगारेटचं थोटूक चुलीत टाकलं. मावशीनं ते बोटांनी बाहेर काढलं आणि माझ्या ताटात बटाट्यांशेजारी ठेवलं. मी जेवलो तसाच, थोटकाच्या कडेनं.

मी तिला विचारलं, मीठ टाकताना मनात काय आणायचं? तर म्हणे, विस्तवाला तुझं मन दिसत नाही, मीठ पडलं की नाही ते कळतं. रोज वेळेवर टाक, मन येईल मागून, नाही आलं तरी गाबिया उपाशी राहिली नाही एवढं तर होईल. यांच्यात भक्ती म्हणजे एवढंच म्हणे. देव, गेलेली माणसं, आईबाप, ज्याचं जे देणं आहे ते त्याला हजर राहून द्यायचं. मला हे आधी रूक्ष वाटलं. आता बरं वाटतं. मला मन आणायला कधी जमलंच नाही, हजर राहणं कदाचित जमेल.

बाबांना सांगू नकोस मी कुठे आहे. सांग हवं तर. म्हणतील, दगडांना बिअर पाजायला लागलाय का आता? खोकला कसा आहे त्यांचा?

रिमगाउदास

—

पानेवेझिस, २१ ऑक्टोबर

रिम्या,

जिवंत आहेस हे कळलं. पत्र नेहमीसारखं बाबांना वाचून दाखवलं, त्यांना आता चष्म्यातूनही बारीक अक्षर दिसत नाही आणि तुझं अक्षर तर कुणालाच दिसत नाही. हंसांपाशी हसले. दगडांपाशी आल्यावर म्हणाले, पाजू दे, दगड बरे, उलटून बोलत नाहीत. म्हणजे तू ओळखलंस ते बरोबर, पण त्यात तिखटपणा नव्हता पूर्वीसारखा.

खोकला आहे तसाच आहे. त्यांची खाट मी पुढच्या खोलीत आणली, तिथे ऊब चांगली लागते. सायकल त्यांनी खालच्या मजल्यावरच्या माणसाला देऊन टाकली. म्हणाले, पडून गंजते. मी आता बेकरीत पहाटेची पाळी मागून घेतली आहे, म्हणजे दुपारपासून घरी असते. माझं बरं चाललंय.

एक विचारायचं होतं. एक नोव्हेंबरला आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला येशील का? दरवर्षी बाबा जातात, यंदा पाय दुखतात म्हणतात. मी एकटी जाईन, त्याचं काही नाही. पण तू आलास तर त्यांना आवडेल. तसं ते म्हणाले नाहीत. तुला काहीतरी लिही असं सांगणार होते, मी पेन घेतलं, मग म्हणाले, राहू दे.

तुझ्या मावशीच्या हाताखाली तू रोज काहीतरी वेळेवर करतोस हे मात्र मला खरं वाटत नाही. तिला विचारून कळव.

स्काइद्रे

—

उझलेकने, ४ नोव्हेंबर

ताई,

आईच्या थडग्यावर आलो नाही. बस चुकली असं लिहिणार होतो, पण बस चुकली नाही, मी तिकडे फिरकलोच नाही. त्याच संध्याकाळी इथे मेलेल्यांचं जेवण असतं आणि मावशीनं मला गहू कांडायचं काम दिलं होतं. मनात म्हटलं, आईला काय, इथून हाक मारली तरी ऐकू येईल.

आता जे झालं ते नीट लिहितो, मध्ये भरकटलो तर समजून घे.

लांबच लांब टेबल. मधातले उकडलेले गहू, वाटाणे, डुकराच्या रक्ताची सॉसेज, काळा पाव, घरची बिअर. सुरी आणायची नाही, पाव हातानंच मोडायचा. टेबलाखाली घास पडला तर उचलायचा नाही, ज्यांना हाक मारणारं कुणी उरलं नाही अशांचा तो. दार सताड उघडं, गारठा आत येतोय, कुणी कुरकुरत नाही. मग एकेकानं उंबऱ्यापाशी जायचं, हातात पावाचा तुकडा, आणि आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घेऊन म्हणायचं, ये, बस, जेव. एवढंच. एक बाई बहिणीला हाक मारून म्हणाली, ये, बस, जेव, आणि या वेळी भांडू नकोस. लोक हसले, तीही हसली, डोळे पुसत. जिवंत माणसांना इतक्या अदबीनं जेवायला बोलावलेलं मी कुठे पाहिलं नाही.

माझी पाळी आली. आईला हाक मारली. गेनोवाइते, ये, बस, जेव. आवाज नीट निघाला. मी जागेवर जायला वळलो तर सगळे तसेच थांबलेले, आणि मावशीच्या हातात माझ्यासाठी मोडलेला दुसरा तुकडा.

त्याचं असं झालं की जूनमध्ये मावशीनं विचारलं होतं, आईबाप आहेत का. मी म्हटलं, नाहीत. सोपं वाटलं तेव्हा. बाप आहे म्हटलं की पुढचं येतं, कुठे असतो, जात का नाहीस, काय बिनसलं. आणि बिनसलं काय ते मलाही धड सांगता येत नाही, तुला तरी येतं का? मी कॉलेज सोडलं, ते काहीतरी बोलले, मी काहीतरी बोललो, मग मी निघालो आणि निघालेलाच राहिलो.

आता इतकी माणसं बघतायत, थंडी वाजतेय, म्हातारी तुकडा धरून उभी. मी तो घेतला. उंबऱ्यावर गेलो आणि बाबांचं नाव घेतलं. झेनोनास, ये, बस, जेव.

ताई, तेवढ्यात दारातून वारा आला, सगळ्यांच्या अंगावरून गेला. टेबलाच्या टोकाचा एक म्हातारा म्हणाला, तुझा बाप घाईत आहे रे, भुकेला होता वाटतं.

दुसऱ्या सकाळी मी मावशीला खरं सांगितलं. वाटलं, ओरडेल, हाकलून देईल. ती चुलीत मीठ टाकत होती, ते पुरं टाकून झाल्यावर उठली. मी विचारलं, देव रागावले असतील का? ती म्हणाली, "देवांची काळजी तू करू नकोस, त्यांचं तुझ्यावाचून अडलेलं नाही. ज्याला मेलेल्यांच्या टेबलाशी बोलावलंस त्याच्या टेबलाशी जा."

यांच्यात अशी चूक क्वचित कुणाकडून होते, कुणी परदेशी गेलेला असतो, उलटसुलट बातमी येते आणि घरचे त्याला हाक मारून बसतात. तेव्हा रीत अशी की हाक मारणाऱ्यानं त्या माणसाच्या घरी जायचं आणि त्याच्याबरोबर एका पावातलं खायचं. तोवर ती हाक तशीच उघडी राहते म्हणे.

मी जाणार आहे. पण आधी बाबा कसे आहेत ते लिही. त्या संध्याकाळी त्यांना काही झालं का? खरं लिही.

रिम

—

पानेवेझिस, १० नोव्हेंबर

रिमगाउदास,

पत्र मोठ्यानं वाचायची सवय नडली. आईच्या हाकेपर्यंत मी भराभर वाचत आले, त्यांनाही ऐकायला बरं वाटत होतं. पुढच्या ओळी नजरेला दिसल्या तेव्हा थांबले. तर म्हणाले, वाच की. मी म्हटलं, पान फाटलंय. म्हणाले, इतकी वर्षं गाड्यांच्या इंजिनात डोकं घातलं, खोटं बोलणारं यंत्र मला ऐकू येतं. वाच.

मग सगळं वाचलं.

मला वाटलं आता शिव्या देतील. मग त्यांनी विचारलं, "आईच्या वेळी आवाज नीट निघाला असं लिहिलंय. माझ्या वेळी कसा निघाला?"

मी सांगितलं, ते काही लिहिलेलं नाही.

आता मी ते लिहिते जे लिहायचं नाही असं मला बजावलं होतं. तो खोकला नाही. फुप्फुसं गेली आहेत, सप्टेंबरमध्ये कळलं. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, त्या म्हणाल्या, नव्या वर्षाचे बेत करू नका. खाट पुढे आणली ती उबेसाठी नाही, तिथून संडास जवळ आहे म्हणून. सायकल का दिली ते तुझं तुला कळेल. मी तुला तेव्हाच लिहिणार होते. त्यांनी हात धरला. म्हणाले, यायचा तर आपणहून येईल, मी मरतोय म्हणून कुणी मला भेटायला आलेलं मला चालणार नाही. मी त्यांचं ऐकलं. चूक केली की बरोबर, मला माहीत नाही, मला आता फार विचार सुचत नाही.

तुझ्या हाकेनं काहीही झालेलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण तुझं डोकं कुठल्या वाटेला लागेल ते मला ठाऊक आहे. आजार आधीचा आहे. त्या संध्याकाळी ते बार्लीचं सूप प्यायले आणि रेडिओवर बास्केटबॉलचा सामना ऐकत झोपले.

तुमच्या त्या मावशीची रीत मला पटली. ये आणि त्यांच्याबरोबर खा. हसू नकोस, रडू नकोस, काही समजावू नकोस. ये.

स्काइद्रे

—

उझलेकने, १७ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी छपरावर होतो. वाचून खाली उतरलो, बूट घातले, पिशवी भरली, दारापर्यंत गेलो. मग परत आलो. असं कालपर्यंत चाललं होतं. शेळीसुद्धा आता पिशवी उचलली की मान वर करत नाही.

मला भीती वाटते हे लिहायला लाज वाटते. आजार आधीचा आहे हे मला कळतं. पण दारातून वारा आला तो माझ्या अंगावरून गेलाय, तुझ्या नाही. समज, मी आलो, त्यांच्यासमोर बसलो, पाव मोडला आणि त्याच रात्री ते गेले, तर? मी हाक सोडवायला आलो की न्यायला आलो? मावशीला विचारलं. ती वाटाणे निवडत राहिली.

आणि दुसरंही आहे. मावशीचा गुडघा सुजलाय, तिला चुलीपाशी वाकता येत नाही. संध्याकाळी राख मी घालतो, पाणी मी ठेवतो. मी गेलो आणि विस्तव विझला तर? नवरा गेल्यापासून जपलेला. इतक्या महिन्यांत मी एक गोष्ट शिकलो, की आपल्यावर असलेलं काम टाकून जायचं नाही, मनात काहीही असो. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी सोडून जात नाहीये, तर तेच नेमकं चुकीचं कसं?

हे मी तिला म्हटलंसुद्धा. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे विस्तवामुळे अडलंय?" मी म्हटलं, हो, मुख्यतः तेच. तिनं मान हलवली. समजूतदार बाई आहे, तिला पटलं. मग तिनं मला जंगलापलीकडच्या एका घरी लाकडं कापायला पाठवलं, हिवाळ्याची बेगमी करायची आहे त्यांची. हे तिथूनच लिहितोय. वर मुद्दाम उझलेकनेच लिहिलंय, म्हणजे तू पत्र तिकडे घालशील. चार दिवसांचं काम आहे, जास्तही लागतील, इथला करवतीचा पट्टा सारखा निसटतो आणि घरमालक त्याला देवांच्या नव्हे तर भलत्याच नावांनी हाका मारतो. तोवर चुलीचं ती बघेल म्हणाली.

बाबांनी विचारलं ते सांग त्यांना. आवाज निघाला नव्हता. 'झेनोनास' एवढंच कसंबसं आलं, पुढचं फाटलं. शेजारच्या बाईला वाटलं मला रडू येतंय, तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा रडू येत नव्हतं. आता लिहिताना येतंय.

परत गेलो की बघतो. त्यांना सांग, येतोय. नको, काही सांगू नकोस.

रिम

—

पानेवेझिस, २३ नोव्हेंबर

रिम्या,

बाबांना तुझं पत्र अर्धंच वाचून दाखवलं. आवाज फाटला तेवढं. ते म्हणाले, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग भिंतीकडे तोंड करून झोपले.

काल आणि आज त्यांनी काही खाल्लेलं नाही. भरवायला गेलं की ओठ मिटतात, लहान मुलासारखे. शेजारीण म्हणाली, पाद्रीबाबांना बोलावू. बाबांनी मानेनंच नाही म्हटलं. मी विचारलं, मग कुणाला बोलावू? तर डोळे मिटून घेतले. मला रागही येत नाही आता. पहाटे पाव भाजते, दुपारी येऊन त्यांच्या उशा बदलते, मध्ये बसमध्ये झोपते.

एकच सांगते. तू लाकडं कापायला गेलास तर मावशीचा गुडघा विस्तव सांभाळतो. बापाकडे यायचं म्हटलं की तोच गुडघा सुजतो. तू लिहिताना हे तुला दिसलं नाही? की दिसलं आणि तरी लिहिलंस? विस्तवासाठी थांबलास म्हणतोस, आणि बसलायस विस्तवापासून जंगलापलीकडे. मी रागावून लिहीत नाही. मला खरंच जाणून घ्यायचं आहे, कारण ते विचारतात तेव्हा मला काहीतरी

इथपर्यंत लिहिलं होतं आणि दारावरची घंटा वाजली.

दारात एक म्हातारी. डोक्याला लोकरीचा रुमाल, पायात नमद्याचे बूट, त्यांवरचा बर्फ वितळून पायपुसण्यावर डबकं झालेलं. एक हात भिंतीला, जिना चढून धाप लागलेली, एक पाय पुढे टाकता येत नव्हता. मला वाटलं चुकून आमच्याकडे आली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, नाक त्याच्यासारखंच आहे, घर बरोबर आहे. पत्ता माझ्या पाकिटावरून घेतला म्हणे. पहाटे निघाली, तीन बस बदलल्या.

मी विचारलं, रिमगाउदास मागून येतोय का? म्हणाली, तो लाकडं कापतोय, त्याला माहीत नाही. मी विचारलं, मग विस्तवापाशी कोण आहे? कुणी नाही, ती म्हणाली, मालवून आले, आता त्याचं त्यावाचून अडायला नको. मी म्हटलं, तुमच्यात तर विझवत नाहीत ना? "नाही विझवत," असं म्हणून तिनं विचारलं, बूट कुठे काढू?

तुला हे पत्र मिळेपर्यंत ती चूल तू पाहिलेली असशील.

ती बाबांच्या खाटेपाशी गेली, खुर्ची ओढून बसली. बाबा जागे झाले. अनोळखी बाई बघून त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली, म्हणाले, कोण तुम्ही, पाद्रीबाबांनी पाठवलं असेल तर जिना त्या बाजूला आहे. ती म्हणाली, "तुमच्या मुलानं तुम्हाला जेवायला बोलावलं होतं. तुम्हाला यायला जमलं नाही, म्हणून मी आले."

बाबांनी चादर गळ्यावरून खाली घेतली. मी दारात उभी होते. मग ते म्हणाले, "बिअर आणलीय का?"

तिनं पिशवीतून पाव काढला. बिअर नाही, गुडघ्यामुळे ओझं आणवलं नाही, असं म्हणाली. पाव हातानं मोडला, एक तुकडा त्यांच्या हातात दिला, एक स्वतः घेतला. बाबांनी तो लगेच खाल्ला नाही, हातात धरून बसलेत. तिनंही अजून खाल्लेला नाही. त्यांनी विचारलं, पोरगा काम कसं करतो? ती म्हणाली, लाकडं वाकडी फोडतो, पण फोडतो.

रिम्या, मी हे स्वयंपाकघरातून लिहितेय, दार उघडं आहे. ते दोघं पाव हातात धरून दाराकडे बघतायत. सूप गार झालंय, ते गरम करायला ठेवते.